उजळणीचा अर्धा तास

पगारपत्रक सोडलं तर बाईंचं खरं नाव कुठेच उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना गुण्याबाई म्हणत. गुण्या म्हणजे सुताराचं आणि फिटरचं काटकोन तपासायचं साधन, एका जाड पट्टीत काटकोनात बसवलेली पातळ पट्टी. कॉलेजात वर्कशॉप शिकवायला लागल्यापासून तो बाईंच्या पर्समध्ये कंगवा आणि किल्ल्यांच्या शेजारी असायचा, आणि दिसेल त्या वस्तूला तो लावून बघायची त्यांना खोड होती. एकदा दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना त्यांनी तिथल्या कपाटाला गुण्या लावला आणि डॉक्टरांनी दात काढायच्या आधी कपाट काढून टाकलं, असं मुलं सांगत. बाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. त्या म्हणत, "काहीतरीच! आधी दात काढला, मग कपाट."

पुढे त्या त्याच कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. कॉलेज जेमतेम. लांबट बैठी इमारत, मागे पत्र्याचं वर्कशॉप, आणि त्यात लोखंड कातायचं एक लेथ मशीन, इतकं म्हातारं की सुरू करताना बाई त्याच्याशी दोन शब्द गोड बोलायच्या. पण या कॉलेजात एक गोष्ट होती जी आसपासच्या मोठ्या कॉलेजांत नव्हती. इथे संध्याकाळचा वर्ग भरायचा. दिवसभर कुठे ना कुठे काम करून आलेली माणसं त्यात बसायची. सुतार, नर्स, ड्रायव्हर, दुकानात मापं घेणारे, कुणाच्या हाताला ग्रीस, कुणाच्या बाहीवर पीठ.

या वर्गाची एक रीत होती. पहिला अर्धा तास नवं काही शिकवायचं नाही. जो सगळ्यांत आधी येईल त्याने फळ्यापाशी उभं राहून कालचा धडा सांगायचा. तोवर एकेक जण धापा टाकत येत राहायचा. कुणाच्या साहेबाने थांबवून घेतलेलं असायचं, कुणाची बस चुकलेली असायची. उशीर का झाला असं कुणी कुणाला विचारायचं नाही. दारात जो दिसेल त्याला एवढंच म्हणायचं, "बसा, अजून काही गेलेलं नाही."

बाईंनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते विशीच्याही आत असताना. तेव्हा त्या एका नकाशांच्या ऑफिसात ट्रेसिंगचं काम करायच्या. आई लाँड्रीत इस्त्री करायची. पहिल्याच संध्याकाळी ऑफिसातून निघायला उशीर झाला आणि ही पोर रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. परत फिरावं की काय, असंच तिच्या मनात होतं. त्या वेळचे सर, ज्यांनी ही रीत पाडली, त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "बस गं, अजून काही गेलेलं नाही." त्या एका वाक्यावर आपलं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, असं बाई उघडपणे सांगत.

त्याच संध्याकाळी फळ्यापाशी एक किडकिडीत तरुण कानशीने लोखंड घासायचा धडा सांगत होता. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा आणि मागे घेताना हात हलका ठेवायचा, तर याने नेमकं उलट सांगितलं. पोरीने तसंच केलं, नव्या कानशीचे दात घालवले आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. वर्ग सुटल्यावर ती त्याला जाब विचारायला गेली. ते भांडण काही मिटलं नाही, शेवटी दोघांनी लग्न केलं. तो तरुण पुढे चष्म्याची भिंगं घासायच्या धंद्यात शिरला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. बाई म्हणत, भिंगाला पुढे-मागे नसतं, गोल गोल फिरवायचं असतं, म्हणून बरं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तीन कॉलेजांनी एकत्र येऊन एक तंत्रज्ञान विद्यापीठ करायचं ठरलं.

गोष्ट चांगलीच होती, त्यात वाद नाही. एक यंत्र आणि विजेचं मोठं कॉलेज, एक कापडाचं कॉलेज आणि एक बाईंचं. तिघांचेही विद्यार्थी परीक्षेसाठी लांबच्या विद्यापीठाच्या तोंडाकडे बघत बसायचे. निकाल रखडायचे, अभ्यासक्रम जुनाट व्हायचा, आणि तक्रार केली की तिकडून उत्तर यायचं की तक्रार मिळाली. आता आपली पदवी आपण देणार होतो. बाईंच्या म्हाताऱ्या लेथलाही निवृत्त होता येणार होतं. तिन्ही प्राचार्यांच्या सह्या झाल्या की काम फत्ते. एक जरी अडली तरी सगळं मुसळ केरात.

मोठ्या कॉलेजच्या प्राचार्यांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस सरळ, पण शिस्तीचा कडक. त्यांच्या कॉलेजचं फाटक घंटेबरोबर बंद व्हायचं, मग बाहेर कुणी का असेना. कापड कॉलेजच्या प्राचार्यांचं नाव पडलं होतं घाई सर. ते उभ्याने चहा प्यायचे, वाचायच्या आधी सही करायचे आणि नमस्कार करता करता निरोप घ्यायचे. वर्षभर या तिघांच्या बैठका झाल्या, कुरबुरी झाल्या, आणि विलीनीकरणाचा मसुदा तयार झाला. त्यात मोठ्या सरांनी घातलेलं एक कलम होतं. विद्यापीठाचे सर्व वर्ग दिवसा भरतील, संध्याकाळचे वर्ग बंद करण्यात येतील.

बाईंनी आपल्या परीने खूप सांगून पाहिलं. मोठे सर शांतपणे म्हणायचे, "बाई, तुमचा वर्ग भावनेवर चाललाय. अर्धा तास रोज उजळणीत घालवायचा, म्हणजे वर्षाकाठी किती शिक्षण वाया गेलं? नव्या विद्यापीठाला हे परवडणार नाही."

सह्यांच्या दिवशी सकाळी बाईंचा चहा पुढ्यात निवत होता. नवरा भिंगं तपासायचा दिवा पुसत बसला होता.

"अहो, मी सही नाही केली तर?" बाईंनी विचारलं.

"तर तुझा वर्ग राहील. अजून चार-पाच वर्षं. मग लेथ मरेल, मग कॉलेज मरेल, मग वर्ग."

"आणि केली तर?"

"तर वर्ग उद्याच जाईल आणि बाकीच्या पोरांचं भलं होईल." त्याने दिवा खाली ठेवला. "अगं, मला विचारून काय उपयोग? मी तुला शेवटचा सल्ला दिला तेव्हा तू एक नवी कानस घालवलीस."

बाई हसल्या, पण चहा तसाच ठेवून उठल्या. काय करायचं ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. ज्या दारातून आपण आत आलो ते दार आपल्याच सहीने बंद करायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

सह्या बाईंच्या कॉलेजात व्हायच्या होत्या, कारण ते दोघांच्या मधोमध पडायचं. आणि सह्या कशावर करायच्या, तर त्यासाठी घाई सरांनी एक कल्पना काढली होती. एक गोल टेबल करायचं, तीन तुकड्यांचं. एकेक तुकडा एकेका कॉलेजने आपल्या वर्कशॉपमध्ये बनवायचा आणि त्या दिवशी जोडायचा. पुढे विद्यापीठाच्या बैठका याच टेबलाशी होतील. कल्पना तिघांनाही एकदम पसंत पडली होती. लाकूड ठरलं, उंची ठरली, घेर ठरला. सांधा कसा, तर कुसू आणि खाच. म्हणजे एका तुकड्याच्या कडेला पुढे आलेली पट्टी ठेवायची, ते कुसू, आणि शेजारच्या तुकड्याला तिच्या मापाची खाच, की दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. हे सगळं इतकं सोपं होतं की पुढे कुणी काही विचारलंच नाही.

दुपार कलल्यावर तिन्ही तुकडे वर्कशॉपमध्ये आले. घाई सरांनी कोट काढायच्या आतच आपला तुकडा मोठ्या सरांच्या तुकड्याकडे ढकलला. ठक्क आवाज झाला आणि दोन्ही तुकडे जागच्या जागी राहिले.

"दुसरी बाजू लावून बघू," घाई सर म्हणाले.

दुसऱ्या बाजूनेही ठक्क.

मोठ्या सरांनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. त्यांच्या तुकड्याला दोन्ही कडांना कुसू होतं. घाई सरांच्या तुकड्यालाही दोन्ही कडांना कुसूच. "आमच्या लोकांनी गृहीत धरलं, की खाच तुमच्याकडे असणार," मोठे सर म्हणाले. "आम्हीही तेच धरलं," घाई सर म्हणाले. मग दोघांनीही मोठ्या आशेने बाईंच्या तुकड्याकडे बघितलं.

बाईंचा तुकडा देखणा होता. गुण्याच्या पट्टीखालून उजेडाची रेघ दिसत नव्हती. पण त्यालाही दोन्ही कडांना कुसू होतं, आणि तसं करायला बाईंनीच सांगितलं होतं. आपलं तेवढं दुसऱ्यांत बसणार, दुसऱ्याचं आपल्यात बसवायचं हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सहा कडांना सहा कुसू, आणि खाच एकही नाही. तीन प्राचार्यांच्या पदव्या एकाखाली एक लिहिल्या असत्या तर पानभर झाल्या असत्या, आणि तिघांना मिळून एक टेबल जोडता येत नव्हतं.

नेमका त्याच वेळी संध्याकाळच्या वर्गातला सुतार आत आला. त्याला पिशवी खाली ठेवावी लागली इतका तो हसला. मग समोर कोण उभे आहेत ते लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

"माफ करा हं, सर. पण आमच्याकडेही असंच होतं. दोन भाऊ एक पलंग करायला बसले की असंच." त्याने तुकड्यांवरून हात फिरवला. "काम छान आहे. प्रत्येकाचं एकेक कुसू कापतो आणि तिथे खाच घेतो. सगळ्यांचं एकेक राहील, एकेक जाईल. तासाभरात बसेल."

"तुमचा वर्ग?" बाईंनी विचारलं.

"आज फळ्यापाशी लिफ्टवाल्या मावशी आहेत ना. माझं काही जात नाही."

घाई सर लगेच बाह्या सरसावून सुताराच्या मदतीला लागले आणि पहिल्याच झटक्याला त्यांची रेघ वाकडी गेली. सुताराने त्यांच्या हातातली करवत हळूच काढून घेतली आणि त्यांना दिवा धरायला सांगितला. मोठे सर म्हणाले, "मी जरा हात धुऊन येतो," आणि बाहेर पडले.

बराच वेळ झाला तरी मोठे सर परत आले नाहीत. बाई बघायला निघाल्या. मनात नको ते येत होतं. रागावून निघून तर गेले नाहीत? नळापाशी कुणी नव्हतं. गाडी जागेवर होती. वर्गाच्या दारापाशी आल्या आणि त्यांचा पाय तिथेच थबकला.

मोठे सर शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांच्या एका बाजूला एक ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला नर्स. फळ्यापाशी लिफ्टवाल्या मावशी उभ्या होत्या. या मावशी दिवसभर एका उंच ऑफिसात लिफ्ट चालवायच्या आणि केस पिकल्यावर शिकायला लागल्या होत्या. पाणी कुठे आहे ते विचारायला सरांनी दारातून डोकावलं असणार. मावशींना वाटलं असणार, नवा विद्यार्थी, बिचारा लाजतोय. मग काय बोलल्या असतील ते बाईंना न ऐकताही ठाऊक होतं.

"तर काल आपण हे बघितलं," मावशी सांगत होत्या, "की लिफ्ट वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूला एक वजन खाली येतं. त्या वजनामुळे मोटरवर सगळा भार पडत नाही. इतकी वर्षं मी वर-खाली करते, पण मी वर जाताना खाली काय जातंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सकाळी लिफ्ट सुरू केली आणि मला एकदम वाटलं, आपण एकट्या नाही बाई, पलीकडे कुणीतरी आपल्याला उचलतंय."

वर्ग हसला. मोठे सरही हसले. तेवढ्यात दारात एक दमलेला माणूस आला, दुकानाचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. मावशींनी बोलणं न थांबवता त्याला हाताने बाक दाखवला. "बसा, अजून काही गेलेलं नाही. तर सांगत काय होते, लिफ्ट." आणि मावशींनी धडा मुळापासून परत सुरू केला. कुणीही कुरकुरलं नाही. मोठे सर त्या माणसासाठी बाकावर सरकले आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर केला.

"बोला बाबा," मावशी म्हणाल्या.

"ते वजन किती ठेवायचं? रिकाम्या लिफ्टएवढं की भरलेल्या?"

"हे काल मीही विचारलं होतं!" मावशींना केवढा आनंद झाला. "दोन्हीच्या मधलं."

मोठ्या सरांना हे उत्तर विद्यार्थी असल्यापासून पाठ होतं. तरी त्यांनी मान डोलावली, अगदी मनापासून. बाई पावलांचा आवाज न करता मागे फिरल्या. वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी घाई सरांना सांगितलं की सर येतीलच, आणि घाई सर पहिल्यांदाच म्हणाले, "येऊ द्या सावकाश, टेबल कुठे झालंय."

टेबल झालं तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. सुताराने शेवटचा तुकडा तळव्याने ठोकला आणि तो गपकन बसला. बाईंनी सवयीने गुण्या काढला, सांध्यावर ठेवला आणि काही न बोलता पर्समध्ये टाकला. ही त्यांची सगळ्यांत मोठी शाबासकी असते, हे सुताराला ठाऊक होतं.

तिघं बसले. मसुदा मधे ठेवला. मोठ्या सरांनी पेन काढलं, ते पान उघडलं आणि आपलंच कलम एका रेघेत खोडलं.

"हे मीच घातलं होतं, मीच काढतो," ते म्हणाले. "आमचं फाटक घंटेला बंद होतं. बाहेर कोण राहिलं ते मी कधी बघितलंच नाही. आपल्याकडे येतात ती वेळेवरच येतात, असंच धरून चाललो. आज त्या बाईंनी मला आत बसवून घेतलं, नाव-गाव काही न विचारता." त्यांनी मसुदा बाईंपुढे सरकवला. "मला इतकं बरं वाटलं, बाई, की काय सांगू."

ज्या माणसाशी वर्षभर भांडल्या त्याचे आभार कसे मानायचे, हे बाईंना सुचत नव्हतं. त्यांनी हात जोडले. मोठे सर एकदम अवघडले.

"थांबा, थांबा. एक अट आहे. वर्ग राहील तो विद्यापीठाचा म्हणून, तिन्ही ठिकाणी भरेल. तुमच्या कॉलेजचं नाव राहावं असा तुमचा हट्ट होता. तो सोडावा लागेल. आणि तिन्ही ठिकाणी एकच मुख्य असेल, तेव्हा तुमची खुर्चीही."

बाईंनी डोळे पुसले. "नावाचं काय घेऊन बसलात, सर? माझंही कुठे कुणी घेतं? आणि खुर्ची तशीही डुगडुगते, कितीदा गुण्या लावून बघितला." एवढं बोलून त्यांनी सही केली. घाई सरांनी त्या दिवशी मसुदा पूर्ण वाचून मग सही केली, आणि ही बातमी विलीनीकरणाच्या बातमीहून जास्त पसरली.

विद्यापीठ सुरू झालं त्या दिवशी बाईंनी आपल्या खोलीच्या किल्ल्या विद्यापीठाने नेमलेल्या नव्या माणसाच्या हवाली केल्या. आता त्या प्राचार्य नव्हत्या. संध्याकाळच्या वर्गाच्या साध्या शिक्षिका होत्या, आणि हे त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. पण किल्ल्या देणं लांबत गेलं. नव्या माणसाला प्रत्येक कपाटात काय आहे ते बघायचं होतं. लेथपाशी बाई स्वतःच रेंगाळल्या. मग नवऱ्याचा फोन आला, दुकानातून निघालो, नवा चष्मा झालाय, घेऊन येऊ का. या सगळ्यात वर्गाची वेळ होऊन गेली. इतक्या वर्षांत बाई या वर्गाला एकदाही उशिरा आल्या नव्हत्या, ती पहिली संध्याकाळ सोडली तर. त्या लगबगीने निघाल्या, वाटेत पर्स उघडी राहून गुण्या खाली पडला, तो उचलला, आणि धापा टाकत दारापाशी आल्या.

वर्ग गच्च भरला होता. मोठ्या कॉलेजातला वर्ग अजून सुरू व्हायचा होता, म्हणून तिकडचीही काही नवी माणसं आली होती, त्यांना सामावून घ्यायला मधल्या बाकांवर दाटी झाली होती. फळ्यापाशी लिफ्टवाल्या मावशी होत्या. बाई दारातच उभ्या राहिल्या. आज त्यांच्या हातात किल्ल्या नव्हत्या, पाटी नव्हती, खुर्ची नव्हती. लाँड्रीतल्या बाईची पोर ट्रेसिंगच्या ऑफिसातून पळत आली होती आणि तिला उशीर झाला होता.

मावशींनी वळून बघितलं. बाई, तुम्ही आणि उशिरा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी खडू हातात तसाच धरला आणि दुसऱ्या हाताने शेवटचा बाक दाखवला.

"बसा बाई," त्या म्हणाल्या, "अजून काही गेलेलं नाही."

बाकावरच्या माणसांनी सरकून जागा केली. बाई बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आणि मावशींनी त्यांच्यासाठी धडा पहिल्यापासून सुरू केला.